जपानी छापील चित्रांचं प्रदर्शन, एका प्रेसवाल्याच्या नजरेतून

आधीच सांगतो, मी आर्टवाला माणूस नाही. आमची ऑफसेट प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, इलेक्शन आलं की हँडबिलं, तेच आपलं काम, त्यामुळे रंगांमधलं अध्यात्म वगैरे या रिव्ह्यूत शोधू नका. वेस्ट नागपुरातल्या एका छोट्या म्युझियमने वरच्या हॉलमध्ये जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचं प्रदर्शन लावलंय. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत, पण नागपूर काही एवढं मोठं नाही, ज्याला जायचं तो शोधेलच. तिकीट शंभराच्या आत.

चित्रं ओरिजिनल नाहीत हे दारातच मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते बरं केलं. पण ओरिजिनल नाहीत म्हणजे झेरॉक्सही नाहीत. जपानमध्ये आजही जुन्याच पद्धतीने लाकूड कोरून, हाताने शाई लावून होकुसाई-हिरोशिगे या जुन्या चित्रकारांची चित्रं नव्याने छापणारे कारागीर आहेत, त्यांच्या हातचे हे प्रिंट. लोक बोर्ड वाचून "मग कॉपीच ना" म्हणून नाक मुरडून राहिले होते, माझा मित्र तर दारातच म्हणाला, अबे मोबाईलवर दिसते ना हे सगळं, कायले चढायचं वर. भाऊ, ही चित्रं काढलीच मुळात छापायला, शेकड्याने छापून दुकानात स्वस्तात विकायला, त्यात एकच एक ओरिजिनल असा प्रकारच नाही. आणि जुन्या प्रतींचे रंग उडालेले असतात. तिकडे गुलाबी-लाल रंग करडईच्या फुलांपासून करायचे, आपल्याकडे शेतात असते तीच करडई, तो उन्हाने आणि लाईटने पार फिका पडतो. म्हणजे १८३० साली गिऱ्हाईकाने विकत घेतलं तेव्हा ते चित्र कसं दिसत असेल हे पाहायचं तर ताजा प्रिंटच पाहावा लागेल.

आता माझ्या धंद्याचं. आमच्याकडे चार कलरचं काम म्हणजे चार प्लेटा, आणि एक प्लेट केसभर सरकली की रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, आऊट, अक्षराला सावली, पार्टी बोंबलते. या लोकांकडे मशीनच नाही. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, चेरीच्या लाकडाचा, एका चित्राला दहा-वीस वेळा तोच ओला कागद ठेवायचा आणि पाठीमागून बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल गादीने, तिला बारेन म्हणतात, हाताने घासायचा. आणि रजिस्ट्रेशन कसं, तर लाकडातच एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला पुढे एक सरळ खाच, कागदाचा कोपरा आणि कड त्यात टेकवायची, बस. १७६५ च्या आसपास सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या वेळी हे पूर्ण रंगीत काम सुरू झालं आणि त्या दोन खाचांवर पुढे शंभर वर्षं अख्खा धंदा चालला. हॉलच्या मधोमध एक ठसा काचेखाली ठेवलाय, त्यात खाच स्पष्ट दिसते, पण शेजारी एक ओळ लिहिलेली नाही, लोक त्यावर कोपर टेकवून फोटो काढून राहिले होते.

दुसरं म्हणजे चित्रकार फक्त शाईने रेषा काढून द्यायचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि पैसे लावून, कोणत्या विषयाला मार्केट आहे ते बघून ऑर्डर देणारा प्रकाशक वेगळा. चित्रावर बहुतेक वेळा चित्रकाराची सही, प्रकाशकाचा शिक्का आणि सरकारी मंजुरीचा छोटा गोल शिक्का असतो, कोरणाऱ्याचं-छापणाऱ्याचं नाव क्वचितच. वाचून जरा चिडच आली. आमच्यात लग्नपत्रिकेच्या मागे तरी बारीक अक्षरात प्रेसचं नाव येतं.

उतामारो या चित्रकाराच्या बाईचं चित्र डाव्या भिंतीला आहे, तिथे थांबा. कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे नाक काचेला लावून बघा. एकेक केस सुटा, आणि हे केस म्हणजे कोरलेली रेघ नाही, आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकून उभी ठेवलेली धार आहे, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, ती तुटली की ठसा बाद. हे काम वर्कशॉपमधल्या सगळ्यात अनुभवी माणसाकडे असायचं, कपडे-बिपडे शिकाऊ पोरं कोरायची. मग दोन पावलं उजवीकडे सरका आणि तिरकं बघा, लाईट बाजूने पडला पाहिजे. तिच्या पांढऱ्या कॉलरवर नक्षी आहे आणि तिला रंगच नाही. ठशाला शाई न लावता नुसता कागद दाबलाय. आपण पत्रिकेवर गणपती एम्बॉस करतो तेच, फक्त डाय आणि मशीन न वापरता. समोरून पाहणाऱ्याला हे दिसतच नाही, त्यामुळे नव्वद टक्के पब्लिक तिथून निघून जाते.

हिरोशिगेचा पावसातला पूल, १८५७ चा, मला सगळ्यात जास्त आवडला. पुलावर लोक छत्र्या-गोणपाट डोक्यावर घेऊन पळतायत, वरून सरळ रेघांचा पाऊस. रेघा दोन कोनांत आहेत, थोड्या इकडे झुकलेल्या आणि थोड्या तिकडे, म्हणून तो पाऊस हलल्यासारखा वाटतो. आणि वरच्या कडेला काळा ढग आहे त्याची शेड खाली येता येता विरत जाते. ती शेड ठशात नसते. छापणारा प्रत्येक वेळी ओल्या ब्रशने ठशावरच शाई पसरवतो, म्हणून दोन प्रतींमधला ढग कधीच सेम नसतो. ऑफसेटवर अशी शेड आणायची तर डॉट पाडावे लागतात, भिंगाखाली धरलं की ठिपकेच ठिपके. इथे भिंग लावा, ठिपका सापडला तर मला सांगा. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हेच चित्र तेलरंगात उतरवलं होतं, त्याचा छोटा फोटो बाजूला लावलाय, ती आयडिया चांगली आहे.

आता लाट. होकुसाईची लाट सगळ्यांना माहीत आहे, मोबाईल कव्हरवर, टीशर्टवर, २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर पण. ती समोरच्या भिंतीवर एकटी, स्पॉटलाईटमध्ये, आणि समोर सेल्फीची रांग. चित्र साधारण २५ बाय ३७ सेंटीमीटरचं, एवढंसं, म्हणून लोक जवळ जाऊन "बस एवढंच?" म्हणतात. रांगेत उभं राहायचं असेल तर निळा बघा, तो तेव्हा बाहेरून आलेला, बर्लिनला शोध लागलेला नवा रंग होता, स्वस्त झाला आणि या सगळ्यांनी तो धडाधड वापरला, चित्राची बाहेरची रेघ सुद्धा काळी नाही, निळीच आहे. होकुसाई तेव्हा सत्तरीचा. मालिकेचं नाव फुजीची छत्तीस दृश्यं, खपली म्हणून आणखी दहा काढली, एकूण ४६. हिट गेलं की पार्ट टू काढायचा हे तेव्हापासून आहे.

बाकी कोपऱ्यात किमोनो घातलेला मॉलमधला पुतळा, दोन चिनीमातीची भांडी, तलवारीची प्रतिकृती. नसतं तरी चाललं असतं. ओरिगामीचं टेबल लहान पोरांसाठी मस्त आहे, पोरं तिथे बसवा आणि तुम्ही निवांत बघा.

आता तक्रारी. माहितीच्या पाट्या इंग्लिश आणि हिंदीत, मराठी एक ओळ नाही, आणि पाट्या लावल्यात कमरेच्या खाली, फॉन्ट औषधाच्या बाटलीवरचा. लाईट कमी आहे म्हणून काही जण वैतागत होते, ते चूक आहे, असल्या रंगांना लाईट कमीच ठेवतात. खरा वैताग काचेवर पडणाऱ्या मागच्या ट्यूबलाईटचा, हिरोशिगेच्या निम्म्या चित्रांवर आडवी पांढरी पट्टी दिसते आणि ते ट्यूबलाईट बंद करायला एक बटण दाबावं लागतं फक्त. मी सांगितलं, काउंटरवरचे दादा म्हणाले "साहेब, वरून ऑर्डर नाही."

आणि शेवटी दुकान. अरे वर हाताने छापलेले प्रिंट लावले आणि खाली विकता काय तर इंटरनेटवरून उचललेली लाट, ताणून मोठी केलेली, कॅनव्हासवर इंकजेट, पिक्सेल फाटलेले, निळा रंग जांभळा झालेला, किंमत दीड हजार! आपल्या बर्डीतला कुठलाही फ्लेक्सवाला यापेक्षा चांगलं काढून देईल आणि फाईल बरोबर नाही हे आधी सांगेल पण. त्यापेक्षा तिथे ठेवलेली साधी पोस्टकार्डं घ्या, ती छपाई नीट आहे.

अजून एक राहून राहून वाटलं की आपल्या गावाचा जपानशी एवढा संबंध, कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्ध मंदिर आहे, साठच्या दशकात तिकडून आलेले भंते सुरेई ससाई इथलेच झाले, आणि शंभर वर्षांपूर्वी जपानहून आलेल्या आराई काम्पो या चित्रकाराने अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घेतली होती. हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराने तर १९३१ च्या सुमारास याच लाकडी ठशांच्या पद्धतीने ताजमहाल छापला, पहाटेच्या धुक्यातला वेगळा, रात्रीचा वेगळा. यातलं एकही भिंतीवर नाही. एक छोटा बोर्ड लावला असता तरी ड्रॅगन पॅलेसला दर रविवारी जाणारं पब्लिक इकडे वळलं असतं.

जायचं तर वर्किंग डेला दुपारी जा, शनिवार-रविवारी शाळांच्या ट्रिपा असतात. एसी चालू आहे, म्हणजे उन्हाचा पण प्रश्न नाही. भिंग आत नेऊ देतात, मी नेलं होतं, मोबाईलचा मॅक्रो मोड पण चालतो पण फ्लॅश बंद करा. पार्किंग टू व्हीलरलाच आहे, कार असेल तर बाहेर रोडवर लावू नका, टोईंगवाले फिरत असतात. आणि अजब बंगला, म्हणजे नागपूरचं सेंट्रल म्युझियम, पाहून तासभर झाला की कंटाळणारी मंडळी असतील सोबत, तर त्यांना ओरिगामीच्या टेबलाजवळ बसवा.