समाजसेवकाचं घर: जसंच्या तसं ठेवावं की वापरात?

थोर समाजसेवकाचं जुनं घर वारसांकडे किंवा ट्रस्टकडे आलं की वाद खर्चावरून सुरू होतो. त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: तो माणूस राहत होता तसंच घर ठेवायचं, की तिथं काही चालू ठेवायचं? दोन्ही नमुने महाराष्ट्रात आहेत, तेही एकाच माणसाचे.

सेवाग्रामची बापू कुटी पहिल्या प्रकारातली. माती, बांबू, कवेलू (कौलं). गांधीजींच्या शिष्या मीराबेननी भिंतीवर मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा आजही दिसतो. गांधीजी कसे राहत, हे कळायला फलक वाचावा लागत नाही. हे बळ दुसऱ्या कुठल्याच पर्यायात नाही. पण मातीचं घर एकदा दुरुस्त करून मोकळं होता येत नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरा, वाळवी लागलेला बांबू बदला, जमीन सारवा. कंटाळून कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतोच. तो ओल आत कोंडतो, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा मातीसकट सुटून येतो. चुन्यातल्या वाड्याचंही तेच. सारवणारे हात आणि चुना जाणणारा गवंडी जवळपास नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

मुंबईत गावदेवीचं मणिभवन दुसऱ्या प्रकारातलं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथंच असे. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली तेवढी राखली, बाकी ग्रंथालय आणि प्रदर्शन. रोज दारं उघडतात, म्हणून गळती लवकर नजरेस येते. घरपण मात्र बरंचसं जातं, शिवाय वायरिंग आणि आगीची काळजी मागे लागते.

दादरच्या राजगृहात बाबासाहेबांचं स्मारक आणि कुटुंबाची वस्ती एकाच छताखाली आहे. वारस राजी असतील तरच हे जमतं. पुण्याच्या फुले वाड्यासारखा राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला तर पाडापाडीची भीती टळते, पण दुरुस्तीलाही परवानगी लागते. कागदांचा वैताग सोसायची तयारी हवी.

माझं मत विचाराल तर चार खोल्यांहून मोठ्या घराला मणिभवनचा मार्ग बरा. झोपडी किंवा दोनखणी घर असेल तर जसंच्या तसं ठेवा. तिथं प्रदर्शन मांडलं की घरच दिसेनासं होतं.

काहीही ठरो, आधी मोजमापाचे नकाशे, प्रत्येक खोलीचे फोटो आणि वस्तूंची यादी करून घ्या. पहिल्या साफसफाईतच जुनी पत्रं, चष्म्याचं घर, औषधाची बाटली रद्दीत जाते.