चेतक की एमआय-१७? १/७२ मापाचे किट निवडताना

भारतीय सैन्याच्या वाहतूक आणि बचाव हेलिकॉप्टरचे १/७२ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, मॉडेल किटमधले सुटे भाग जोडून करायचे ठरले की निवड बहुधा चेतक आणि एमआय-१७ यांच्यावर येऊन थांबते. माझ्या कपाटात दोन्ही आहेत. परभणीत राहून या छंदाची प्रत्येक वस्तू कुरिअरनेच मागवावी लागते, आणि माझे मत बनण्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

देखणेपणात चेतक उजवे, हे आधीच मान्य करतो. मूळ फ्रेंच अल्युएत-३ चे पहिले उड्डाण १९५९ चे. एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी कंपनीने ते परवान्याखाली चेतक या नावाने बांधले. त्याचे एकुलते इंजिन पाठीवर उघडेच असल्यामुळे रंगकामाला भरपूर वाव मिळतो, आणि वरच्या पंख्याचा व्यास ११ मीटर असल्याने मॉडेल १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर सहज मावणारे होते. एमआय-१७ चा पंखा २१ मीटरच्या वर, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ ३० सेंटिमीटर. त्यासाठी स्वतंत्र जागा काढावी लागते आणि घरच्यांची बोलणीही ऐकावी लागतात.

तरीही माझ्यापुरता निकाल लागला तो काचेवरून. चेतकचे तोंड म्हणजे जवळजवळ सगळी काचच, आणि किटमध्ये ती एकसंध येते. माझ्या खोक्यातली काच मधोमध तडकलेली निघाली. विक्रेत्याला फोटो पाठवला, तेव्हा सुटी काच मिळत नाही, हवे तर पूर्ण किट परत करा, असे उत्तर आले. दहा-बारा रुपयांच्या प्लास्टिकसाठी अख्खा खोका परत पाठवायचा, हे मला काही पटले नाही. तशी गोलाई असलेली काच घरी बनवणेही जमण्यासारखे नव्हते. मॉडेल पूर्ण झाले, पण पुढून पाहिले की नजर आधी त्या तड्यावरच जाते.

एमआय-१७ च्याही काही गोल खिडक्या कुरिअरमध्ये खराब झाल्या होत्या. मात्र शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून चकत्या कापल्या, कडेने फेविकॉल लावला, आणि काम भागले. फेविकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सुपरग्लूसारखा काचेवर पांढरा थर धरत नाही. नाकाची काच फुटली तर हा उपाय चालणार नाही, हे खरे. पण तिथल्या चौकटी इतक्या दाट आहेत की लहानसा तडा रंगाखाली झाकून जाण्याची शक्यता बरीच आहे.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एमआय-८एमटी या नावाचा खोका टाळू नये, कारण त्याच यंत्राचे निर्यातीसाठीचे नाव एमआय-१७ आहे. जुन्या साध्या एमआय-८ चा शेपटीचा पंखा मात्र उजवीकडे असतो, एमआय-१७ चा डावीकडे. दुसरे असे की, २००८ च्या करारानंतर आलेल्या एमआय-१७ च्या व्ही-५ या नव्या प्रकाराला डॉल्फिनसारखे लांब नाक आणि मागे उतरता रॅम्प आहे. नेहमीच्या किटमध्ये गोल काचेरी नाक आणि शिंपल्यासारखी उघडणारी दारे असतात. त्यामुळे १९८० च्या दशकात दाखल झालेले, पुढे कारगिलमध्ये वापरले गेलेले जुने एमआय-१७ करणे सोयीचे पडेल.

जागा कमी असेल आणि खोका समोर उघडून काच पाहून घेता येणार असेल, तर चेतक जरूर घ्यावे. कुरिअरवरच भिस्त असेल, तर माझ्या मते एमआय-१७ बरे.