स्वस्त हँगिंग फिल्टर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

माशांच्या पस्तीस लिटरच्या दीडफुटी टाकीसाठी घेतलेला, काठावर अडकवायचा तीन वॅटचा हँगिंग फिल्टर मागील आठवड्यात खडखडू लागला. दुकानात नेला, तेव्हा ‘मूळ कार्ट्रिज काढून टाकले आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही’ असे सांगून तो परत करण्यात आला. मोटारीच्या आवाजाशी कार्ट्रिजचा संबंध काय, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. म्हणून फिल्टरच्या इतर गुणांपेक्षा या कार्ट्रिजबद्दलच अधिक लिहिते.

कार्ट्रिज म्हणजे प्लॅस्टिकची चौकट, तिच्यावर ताणलेले पांढरे कापड आणि आत मूठभर सक्रिय कार्बन. ते दरमहा बदलावे, असे माहितीपत्रक म्हणते. कार्बन पाण्याचा पिवळसर रंग, वास आणि औषधांचे अवशेष शोषून घेतो. पण काही आठवड्यांत त्याची शक्ती संपते आणि माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या, माशांना घातक अशा अमोनियावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे काम फिल्टरमध्ये वसलेले जिवाणू करतात, आणि नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माहितीपत्रकाचे ऐकायचे तर जिवाणू नुकते स्थिरावत असतानाच त्यांचे घर कचऱ्यात टाकायचे आणि नव्या घरासाठी पैसे मोजायचे. वर्षभराच्या कार्ट्रिजचा हिशेब फिल्टरच्या किमतीपलीकडे जातो, हे पाहिल्यावर मी ते काढून ठेवले, याचा मला आजही खेद नाही.

त्याच्या जागी तळाशी जाड छिद्रांचा स्पंज कापून बसवला, त्यावर उशीत भरतात तसला साधा पॉलिस्टर कापूस आणि सर्वांत वर जाळीच्या पिशवीत, जिवाणूंना वसण्यासाठी, सिरॅमिक रिंगा. या फिल्टरमध्ये पाणी खालून वर चढते, त्यामुळे मोठा गाळ स्पंजात अडकतो, बारीक कापसात, आणि रिंगांपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ पाणी पोहोचते. कापसाला सुगंधी किंवा जंतुनाशक प्रक्रिया केलेली नसावी, आणि तो दाबून भरू नये, अन्यथा पाणी त्यातून न जाता कडेने वाट काढते. कापूस मळला की बदलते. स्पंज आणि रिंगा मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळून व खळबळून घेते, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर तो जिवाणूंना मारतो. टाकीतल्या गप्पी माशांची पिल्ले ओढली जाऊ नयेत म्हणून आत जाणाऱ्या नळीच्या तोंडावरही स्पंजाची टोपी चढवली आहे.

या टोपीमुळे प्रवाहाबद्दलचे माझे मत बदलले. खोक्यावर ताशी तीनशे लिटर छापलेले आहे, आणि सुरुवातीला लांब शेपटीचे नर प्रवाहात भेलकांडताना पाहून हा फिल्टर लहान टाकीसाठी नाहीच, असे मला वाटत होते. टोपी व भरलेला स्पंज यांनी वेग इतका उतरला, की तीच टाकी आता त्यांना मानवते. उन्हाळ्यात मात्र दुसरी अडचण आली: बाष्पीभवनाने पाणी दोन बोटे उतरले असताना वीज गेली, तर ती परत आल्यावर मोटार पाणी ओढत नाही आणि कोरडीच घरघरते. पातळी काठाजवळ राखली की हा प्रश्न उरत नाही, पण गावाला जाणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आता त्या खडखडाटाविषयी. दुकानातून परतल्यावर मोटारीचा चुंबकी पंखा बाहेर काढला, तर त्यावर आणि त्याच्या खोबणीत पांढऱ्या क्षारांचे पापुद्रे होते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. ते गप्पींना चालते, मोटारीला नाही. स्वयंपाकघरातील पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंखा अर्धा तास बुडवून ठेवला, खोबण जुन्या टूथब्रशने घासली, दोन्ही स्वच्छ धुतले, आणि आवाज बंद झाला. दुकानदाराने फिल्टर उघडूनही पाहिला नव्हता.

एवढ्या कटकटीपेक्षा एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा का, असे विचाराल, तर केवळ कोळंबी किंवा पिल्ले असतील तर अवश्य घ्या. तो आणखी स्वस्त पडतो. मात्र पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत उलटझडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून पंपात उतरू शकते. माझ्या शयनगृहात पंपाचा सततचा गुणगुणाट मला सोसणारा नाही, आणि महिन्याला जेमतेम दोन युनिट वीज खाणारा हा हँगिंग फिल्टर मी बदलणार नाही. खोक्यासोबत आलेली दोन कार्ट्रिज न उघडता पडून आहेत. दुकानदार ती परत घ्यायला तयार नाही.