एए मीटिंग, नागपूर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. पहिल्या मीटिंगवरून तिला तारे देऊ नका. पहिल्या दिवशी खोली अनोळखी असते, कोणाचं तरी शेअरिंग (स्वतःबद्दल बोलणं) लांबलेलं असतं आणि डोक्यात एकच, ओळखीचं कोणी भेटलं तर? एकाच ग्रुपमध्ये सहा-सात मीटिंगा बसल्याशिवाय काही समजत नाही. आठ महिन्यांनंतरचं मत हे, की कामाची गोष्ट मीटिंगच्या तास-दीड तासात कमी आणि आधीच्या दहा, नंतरच्या पंधरा मिनिटांत जास्त असते.

त्याच्याही आधीचं एक. रोज सकाळपासून घेणाऱ्याने 'आजपासून बंद' म्हणून थेट मीटिंगला जाऊन बसू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत, आणि भास, भ्रम, तापासारखं अंग हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्यात जीव जाऊ शकतो. आधी मेडिकल, मेयो (दोन्ही सरकारी रुग्णालयं) किंवा मिहानमधल्या एम्सची मानसोपचार ओपीडी गाठा, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथे झटके रोखणाऱ्या गोळ्या आणि व्हिटॅमिन बी-1 देतात. एए डॉक्टरचं काम करत नाही आणि करते असं म्हणतही नाही.

शोधणं सोपं आहे. ग्रुपचे पत्ते उघड असतात, माणसं उघड नसतात. एएच्या संकेतस्थळावर किंवा 14446 या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा: मीटिंग ओपन (कोणीही बसू शकतो) आहे की क्लोज (फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी), या आठवड्यात वेळ बदलली आहे का, आणि नेमकं फाटक कोणतं. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण मीटिंग शाळेच्या किंवा चर्चच्या मागच्या खोलीत असली की बाहेर ठळक पाटी असेलच असं नाही, आणि नवा माणूस दोन चकरा मारून घरी परततो. किंवा घरी परतत नाही, हे जास्त वाईट. म्हणून रस्ताही बघून ठेवा. दोन ग्रुप सारखेच जवळ असतील तर ज्याच्या वाटेवर नेहमीचा बार लागत नाही तो घ्या. सीताबर्डीला मेट्रो बदलून जाणाऱ्यांनी परतीची शेवटची गाडी आधीच पाहावी. 'गाडी सुटेल' म्हणून मीटिंग संपता संपता उठणारा नेमकी ती पंधरा मिनिटं गमावतो.

फी नाही, हजेरी नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी पेटी किंवा पिशवी फिरते, दहा-वीस रुपये टाका, नसतील तर पुढे सरकवा. बाहेरच्यांची देणगी एए घेत नाही. 'एए प्रोग्राम' असं नाव सांगून महिन्याचे हजारो मागितले, तर ते निवासी व्यसनमुक्ती केंद्राचं बिल आहे, एएचं नव्हे.

बसल्यावर थोडं वाचन होतं, मग एकेक जण नाव आणि 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणून बोलतो. मध्ये कोणी सल्ला देत नाही, उलटप्रश्न नाही. मराठीतून हिंदीत आणि परत, असं नागपुरी बोलणं चालतं. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, कोणी आग्रह करत नाही. प्रार्थना आणि 'ईश्वर' हे शब्द काहींना खटकतात. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये (दारू सोडण्याच्या टप्प्यांमध्ये) 'आपल्याला उमगलेला ईश्वर' असं आहे, त्या फटीतून नास्तिकही आत बसतात. पण हे खटकणं खरं आहे, एक तारा त्याचा कापला.

आता ती पंधरा मिनिटं. तेव्हा चहा होतो आणि नंबर मिळतात. किमान पाच घ्या, कारण रात्री साडेनऊला तलफ आली की दोघे उचलत नाहीत, एक लग्नात असतो. घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी विनाकारण फोन करा. बरं असताना ज्याला कधी फोन केला नाही, त्याला वाईट वेळी करवत नाही. एए जन्मलीच मुळी फोनवरून: 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी धंद्यात आपटलेल्या बिल विल्सनला हॉटेलातला बार खुणावत होता, तेव्हा त्याने बोलायला दुसरा दारुडा हवा म्हणून फोन फिरवले आणि डॉ. बॉब भेटले. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, मात्र घाईने धरू नका. दोन-चार आठवडे ऐका. निदान वर्षभर सोबर असलेला, पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई. त्याच्याशी उसनवारी नको, एकदा पैसे अडकले की फोन बंद होतो.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. मे महिन्यात तहानेला तलफ समजण्याची चूक होते, बाटलीभर पाणी आणि काहीतरी खाऊन अर्धा तास थांबा. 'थोडंसं सावजी जेवू, पिणार नाही' ही योजना टिकत नाही. पोळा, मारबत, होळी, 31 डिसेंबर या दिवशीची मीटिंग आठवडाभर आधी विचारून ठेवा, सुट्टी म्हणून खोली बंदही असू शकते. वर्ध्यात दारूबंदी आहे म्हणून तिकडे जाऊन राहण्याचा बेतही ऐकू येतो. तिथला माणूस प्यायला इकडे येतो, एवढं त्याला सांगा.

घरच्यांसाठी: क्लोज मीटिंगला वहिनींना बसता येत नाही, त्यांच्यासाठी अल-अॅनॉन हा घरच्यांचा वेगळा ग्रुप आहे. आणि भाजीत चोरून डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास होणारी, दारू सोडवण्याची गोळी) घालू नका. न सांगता दिलं आणि तो प्यायला, तर चेहरा लाल, उलट्या, बीपी खाली, प्रसंगी जिवावर. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं, खोकल्याच्या अल्कोहोलवाल्या औषधानेसुद्धा.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर त्याच ग्रुपमध्ये परत जा, नव्या ग्रुपमध्ये नव्हे. लाज वाटते म्हणून ग्रुप बदलणारा पाच नंबर पुन्हा शून्यापासून गोळा करत बसतो. खुर्ची दाराजवळची घेतली तरी चालेल.