दुरिताच्या प्रश्नावरील अभ्यासवर्ग, पणजी

ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि परम दयाळू असेल, तर जगात दुःख आणि पाप का आहे, या दुरिताच्या (जगातील वाईटाच्या) प्रश्नावर सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय विचारवंतांनी काय म्हटले, ते मराठीतून शिकवणारा अभ्यासवर्ग पणजीतील एका वाचकमंडळाने नुकताच घेतला. तो मला मनापासून आवडला.

या विषयाची ओळख बहुधा व्होल्तेरच्या १७५९ मधील ‘कांदीद’पासून, म्हणजे ‘हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे’ असे म्हणणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझची जी थट्टा त्यात आहे, तिच्यापासून करून दिली जाते. येथे मात्र सुरुवात पिएर बेल या फ्रेंच प्रॉटेस्टंट विचारवंतापासून झाली आणि त्यामुळे विषय खऱ्या अर्थाने उभा राहिला. बेलचा पाद्री भाऊ १६८५ मध्ये, प्रॉटेस्टंटांच्या छळाच्या काळात, फ्रान्सच्या तुरुंगात मरण पावला. स्वतः बेल तेव्हा रॉटरडॅममध्ये निर्वासिताचे जिणे जगत होता. त्याच्या १६९७ च्या कोशात एक दृष्टांत आहे: मुलगी नृत्यसमारंभाला गेली तर तिचे शील जाणार, हे निश्चित ठाऊक असूनही आई तिला जाऊ देते आणि ‘मी तिला स्वातंत्र्य दिले’ म्हणते, तर त्या आईला कोण निर्दोष ठरवील? हा उतारा वर्गात सावकाश वाचला गेला. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले, हे उत्तर त्यानंतर कोणालाच सहज देता येईना. बेलच्या मते बुद्धीला हे कोडे सुटत नाही, श्रद्धेचाच आधार घ्यावा लागतो. लाइब्निझचा १७१० चा ‘तेओदिसे’ हा ग्रंथ मुख्यतः त्यालाच दिलेले उत्तर आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ मालब्रांशचे म्हणणे असे की, ईश्वर सामान्य नियमांनी जग चालवतो, म्हणून पाऊस पेरलेल्या शेतावर पडतो तसाच समुद्रावरही पडतो. आषाढात खाजन शेती (खाऱ्या पाण्यालगतची बांध घातलेली सखल शेते) पाहिलेल्या गोवेकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला झालेल्या भूकंपाची चर्चाही नेटकी झाली. गोव्यावर तेव्हा त्याच लिस्बनचे राज्य होते. ‘कांदीद’मध्ये या भूकंपावरूनही ज्याच्या मताची थट्टा होते, तो लाइब्निझ मात्र १७१६ मध्येच वारला होता, हे अनेकांना नवे होते.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमवर मात्र अन्याय झाला. जगातील दुरित ईश्वराशी सुसंगत आहे असे मानले, तरी या जगाकडे पाहून ईश्वराच्या चांगुलपणाचे अनुमान काढता येईल का, हा १७७९ च्या संवादग्रंथातील त्याचा वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न शेवटच्या अर्ध्या तासात उरकला गेला. ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ (ईश्वराकडे पक्षपात किंवा निर्दयता येत नाही, कारण तो कर्माकडे पाहून फळ देतो) या ब्रह्मसूत्राचा उल्लेखही केवळ प्रश्नोत्तरांत आला. ईश्वर जीवांच्या कर्मानुसार फळ देतो आणि संसार अनादि आहे असे मानले, तर बेलच्या दृष्टांतातील आईचा दोष उरतो की जातो, यावर एक पूर्ण बैठक सहज रंगली असती.

झेरॉक्स टिपणांतील अक्षर बारीक होते, पण मराठी स्वच्छ होते. पुढच्या वर्गात ह्यूमला स्वतंत्र दिवस मिळाला, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.