एमएमपीआय-२: डोकेदुखीच्या रुग्णाला द्यावी का?

जुनाट डोकेदुखीत स्वभावाची तपासणी सुचवली गेली, की ५६७ विधानांची ही चाचणी (मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी) पुढे येऊ शकते. प्रत्येक विधानाला 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच उत्तर द्यायचं, आणि त्याला तास-दीड तास लागतो. मुख्य मोजपट्ट्यांना (एकेक कल मोजणाऱ्या विधानांच्या गटांना) पहिली ३७० विधानं पुरतात. डोकं ठणकत असेल तर तेवढ्यावर थांबता येईल का, हे आधीच विचारा. ३० किंवा जास्त उत्तरं कोरी राहिली तर अहवाल धरत नाहीत.

१९८९ची ही आवृत्ती चाचणी म्हणून भक्कम आहे. घाईत केलेल्या खुणा, एकमेकांना छेद देणारी उत्तरं, स्वतःला फार सोज्ज्वळ दाखवणं, हे सगळं पकडायला वेगळ्या पट्ट्या आहेत.

घोळ होतो तो अहवाल वाचताना. सरासरी गुण ५०. ६५च्या वर गेले की ठळक मानतात. जुनाट दुखण्यात बऱ्याचदा पहिली (शारीरिक तक्रारींची काळजी) आणि तिसरी (ताण शरीरातून व्यक्त होणं) पट्टी चढते, मधली नैराश्याची त्यामानाने खाली राहते. आलेखावर इंग्रजी 'व्ही' उमटतो, आणि 'मनातला ताण शरीरावर काढणारा स्वभाव' असा शेरा पडतो. पण पहिल्या पट्टीतली ३२ विधानं शारीरिक तक्रारींचीच आहेत, त्यांतली २० तिसरीतही मोजली जातात, आणि डोकेदुखीबद्दलची विधानंही त्यांत येतात. महिन्यातले वीस दिवस डोकं दुखणाऱ्यानं प्रामाणिक उत्तर दिलं तरी गुण चढणारच! दुखणं दोनदा मोजलं जातं आणि स्वभावाच्या खात्यावर जमा होतं. हा रुग्णावर अन्याय आहे.

दुखणं स्वभावातून येतं, ही समजूत जुनी आहे. न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ हॅरॉल्ड वुल्फ यांनी १९३७मध्ये अर्धशिशीचे रुग्ण महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर असतात असं मांडलं. ते दवाखान्यात आलेल्यांवरून. घरीच सोसणारे त्यात नव्हते. चटकन चिंतेत पडण्याचा कल अशा रुग्णांत जास्त आढळतो, हे खरं. पण चिंता आधी की दुखणं आधी, हे एकदाच भरलेल्या उत्तरपत्रिकेवरून ठरत नाही.

खरा उपयोग दुसऱ्या (नैराश्य) आणि सातव्या (चिंता) पट्टीचा. ती चढली तर औषधाची निवड बदलू शकते, समुपदेशन जोडता येतं. मात्र दुसरीतही झोप-भुकेची विधानं आहेत, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कोणत्या विधानांमुळे गुण वाढले ते मानसशास्त्रज्ञाला विचारा.

चाचणीआधी चार आठवडे वही ठेवा: तारीख, किती तास दुखलं, तीव्रता ० ते १०, झोप, पाळी, गोळीचं नाव आणि संख्या. ट्रिप्टान (अर्धशिशीवरची गोळी) किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यातून १० दिवस, साधं पॅरासिटामॉल १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकू शकते. हे ५६७ विधानांत सापडत नाही, वहीत सापडतं. आणि अचानक उसळलेलं असह्य दुखणं, हातापायात कमजोरी किंवा तापासोबत मान आखडणं असेल, तर चाचणीची पुस्तिका बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.