नागपूरजवळच्या वाडीच्या मिस्त्रींनी दुरुस्त केलेला आमच्या अ‍ॅम्बेसेडरचा गिअरबॉक्स

आमची अ‍ॅम्बेसेडर १९७४ ची, मार्क टू, स्टिअरिंगखाली हँडगिअर. बाबांनी घेतलेली. गेल्या उन्हाळ्यात दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला, आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तिसरा आपोआप सटकायचा. रामटेकच्या गडावरून उतरताना असा सटकला तेव्हा मागे आई बसली होती. त्या दिवसापासून गाडी बाहेर काढलीच नाही.

आधी शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी हँडगिअरच्या लिंकेजचे बुश बदलले, जाड तेल भरलं, अडीच हजार घेतले आणि "जुन्या गाडीत एवढं चालतंच" म्हणाले. आठवडाभरात पुन्हा तेच. पैशापेक्षा त्या "चालतंच"चा मला जास्त राग आला.

वाडीचे हे मिस्त्री एका जुन्या टॅक्सीवाल्या काकांनी सुचवले. अमरावती रोडला, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमागे पत्र्याची शेड आहे, पाटी नाही. मिस्त्रींनी आधी स्वतः गाडी चालवली. "चौथ्यात आवाज कमी होते, ऐकलं का भाऊ?" चौथा डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनची फिरकी सरळ पुढे जाते, लेशाफ्टवर (बॉक्समधल्या दुसऱ्या, समांतर दांड्यावर) भार येत नाही, म्हणजे खरखर तिथलीच. मग ट्रेमध्ये तेल काढून त्यात चुंबक फिरवलं. चुंबकाला थोडी काळी भुकटी चिकटली, सोनेरी चुरा मात्र तेलातच चमकत राहिला. "हे पितळ हाय. सिंक्रोच्या रिंगा झिजून राहिल्या." सिंक्रो म्हणजे गिअर टाकताना दातांचा वेग जुळवून देणारा भाग.

बॉक्स उघडल्यावर मला मुद्दाम बोलावून घेतलं. दुसऱ्याची जुनी रिंग गिअरच्या निमुळत्या तोंडावर (कोनवर) दाबून फिरवली, तर नुसती घसरत होती. रिंग आणि गिअरच्या दातांमध्ये कागदाएवढीही फट उरली नव्हती. नवी रिंग दाबताच पकडून बसली, आणि तिची फट त्यांनी फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून दाखवली. लेशाफ्टवर सुई बेअरिंगने अशा चऱ्या पाडल्या होत्या की नख अडकत होतं. तिसऱ्याच्या कडेचे बारीक दात गोल झाले होते, म्हणून तो सटकायचा. पहिल्याला या बॉक्समध्ये सिंक्रो नसतोच. त्याचे दात चांगले निघाले, तर त्याला हातही लावला नाही. हे मला फार आवडलं.

उशीर मात्र झाला. ही गाडी बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्येच बंद पडला. रिंगा, बेअरिंग, लेशाफ्ट नवे मिळाले, पण तिसरा गिअर भंगारातल्या बॉक्समधून शोधावा लागला. आठ दिवस सांगून तेवीस लागले. ते समजू शकतो, पण दरवेळी फोन मलाच करावा लागला, हे बरोबर नाही. सुटे भाग ९,४०० रुपये, मजुरी ७,०००. झिजलेले सगळे भाग पेपरात गुंडाळून परत दिले.

तेलाचं त्यांनी बजावून सांगितलंय, तुम्हीही लक्षात ठेवा: अशा बॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल घाला. जीएल-५ मधली रसायनं पितळेच्या रिंगांना मानवत नाहीत.

मागच्या रविवारी आईला घेऊन पुन्हा रामटेकला गेलो. गडाचा अख्खा उतार तिसऱ्यात उतरलो, गिअर जागचा हलला नाही. सकाळी गाडी थंड असताना दुसरा अजून थोडा जड जातो. पाचशे किलोमीटर झाले की तेल बदलायला बोलावलंय, तेव्हा तेही दाखवीन.